चौकशी न करता बडतर्फ

गेल्या आठवड्यात आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने दुपारचा डबा उघडता उघडता जाहीर केले, "आमच्या टायगराला शेवटी सोडून आलो." कुठे, असे कोणी विचारले नाही. सगळ्यांना ठाऊक होते. अशा कुत्र्यांना सोडायची आपली जागा ठरलेली असते : मासळी बाजार. "सहा वर्षांचा घोडा झाला आणि हॉलमध्ये मुततो. सोफ्याला, पडद्याला, माझ्या चपलांना. मुद्दाम करतो हो! बायको माहेरी गेली की जास्तच. सूड घेतो." चौघांनी माना डोलावल्या. एक ज्येष्ठ म्हणाले, "बरे केलेस. मोठे कुत्रे एकदा बिघडले की सुधारत नाही." मग कोणाच्या तरी डब्यातल्या सुंगटाच्या हुमणाकडे विषय वळला.

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते आहे, म्हणून हे लिहितो.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. वर्षानुवर्षे स्वच्छ राहिलेला मोठा कुत्रा घरात मुतू लागला तर तो बिघडलेला नसतो. तो आजारी असतो, किंवा घाबरलेला असतो, किंवा आपल्या जागेची हद्द आखत असतो, किंवा साधी गोष्ट म्हणजे त्याच्यासाठी दार वेळेवर उघडलेले नसते. सूड, माज, मुद्दामपणा ही कारणे त्याच्या मूत्राशयात नसून आपल्या डोक्यात असतात. आणि त्या डोक्यातल्या कारणावरून आपण त्याला शिक्षा करतो, घराबाहेर काढतो, वर डबा खाताना त्याची बढाईही मारतो.

(लघवी म्हणायला हवे हे मला कळते. पण पहाटे अनवाणी पायाखाली जे येते त्याला त्या क्षणी कोणी लघवी म्हणत नाही. तेव्हा सोवळ्या शब्दांचा आग्रह धरणाऱ्यांनी माफ करावे.)

आम्हा सरकारी नोकरांना राज्यघटनेतले एक कलम मात्र पाठ असते. कलम ३११. काही मोजके अपवाद सोडले तर आरोप काय ते कळवल्याशिवाय आणि म्हणणे मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही. कार्यालयात उशिरा आलो तर आधी मेमो येतो. मोठी चूक केली तर कारणे दाखवा नोटीस, मग आरोपपत्र, मग खातेनिहाय चौकशी. या संरक्षणाच्या सावलीत बसून आम्ही निवृत्तीपर्यंत निर्धास्त डबे खातो. आणि त्याच टेबलावर सहा वर्षे दाराशी राखण केलेल्या जिवाला चौकशीविना, नोटीसविना काढून टाकले, तर आम्ही म्हणतो, बरे केलेस!

हे मी उंच पाटावर बसून सांगत नाही. मी स्वतः ते पाप जवळजवळ केलेले आहे.

आमचे मूळ घर फोंडा तालुक्यात. पुढे सोपा, मध्ये राजांगण, मागे परसू आणि त्यापलीकडे पोफळीचे कुळागर. तिथे बाबांचा कुत्रा होता, काळो. गावठी, उभ्या कानांचा. त्याला कोणी काही शिकवले नव्हते. पहाटे पोदेराचा भोंपू वाजला की बाबा पुढचे दार उघडत. काळो बाबांच्या पायांतून निसटून कुळागराकडे धावे आणि परत येऊन पावाच्या तुकड्याची वाट पाहत सोप्याखाली बसे. दिवसभर दार उघडेच. आठ वर्षांत त्याने घरात एक थेंब सांडला नाही, आणि त्याबद्दल कोणी त्याचे कौतुकही केले नाही. कौतुक करण्यासारखे त्यात काही आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. घराला कुलूप लागले. आई आमच्याकडे पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि आईबरोबर काळो. महिनाभर बरे गेले. मग एकदा टीव्हीच्या कपाटापाशी ओले दिसले. मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. एका सकाळी देवघराच्या उंबऱ्यावर. त्या दिवशी माझे डोके फिरले. आई म्हणाली, "अरे, त्याला घर सापडत नसेल." मी ऐकले नाही. वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि मारले. मराठी साहित्य विषय घेऊन बी.ए. झालेल्या, करुणेवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिलेल्या माणसाने एका आठ वर्षांच्या जनावराची मान धरून त्याचे नाक फरशीवर घासले. कोणीतरी सांगितले होते, असे केले की कळते त्यांना.

त्याला एवढेच कळले की माझ्यापासून दूर राहावे. तो पलंगाखाली जाऊन मुतू लागला.

खात्यातून तोच सल्ला आला होता. बाजारात सोड, तुकडे खाऊन जगेल. एका शनिवारी संध्याकाळी आईला "डॉक्टरकडे नेतो" असे खोटे सांगून मी त्याला गाडीत घातले. बाजार मिटत आला होता. मागचे दार उघडले. काळो उतरला, माझ्याच गाडीच्या चाकापाशी उभा राहिला आणि मुतू लागला. धार अशी नव्हतीच. थांबत थांबत, कण्हत, थेंब थेंब. रस्त्यावरच्या दिव्याखाली ते थेंब लालसर दिसले. मग तो आपण होऊन गाडीत चढला आणि बसला. दार मी लावले. त्याला सोडायला नेले होते हे आईला मी आजपर्यंत सांगितलेले नाही. आता हे वाचून कळेल.

सोमवारी रजा टाकून खरोखरच डॉक्टरकडे नेले. त्यांनी तपासण्याआधी प्रश्न विचारले. पाणी किती पितो? झोपेत गळते की जागेपणी करतो? एकाच जागी मोठे थारोळे की जागोजागी थोडे थोडे? धार कशी? रंग कसा? घरात अलीकडे काय बदलले? शेवटच्या प्रश्नाखेरीज मला एकाचेही उत्तर देता आले नाही. दोन महिने मी त्या कुत्र्यावर नजर ठेवून होतो, पण फक्त गुन्हा पकडण्यासाठी. निघाले ते असे : प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली आणि लघवीत संसर्ग. खच्ची न केलेल्या वयस्क नर कुत्र्यांत प्रोस्टेट वाढणे हे अगदी नेहमीचे. आपल्या शेजारचे काका साठीनंतर रात्री चारदा उठतात, तसेच. फरक इतकाच की काकांना न्हाणीघराचे दार स्वतः उघडता येते आणि कोणी त्यांचे नाक फरशीवर घासत नाही.

प्रतिजैविकांचा पुरा कोर्स झाला, पुढे खच्चीकरणाची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांत ग्रंथी आकसली. ‘बिघडलेला’ कुत्रा सुधारला. बिघडलेले म्हणजे नेमके कोण होते, ते वाचकांनी ठरवावे.

आता एकेक समज घेतो.

पहिला समज : "त्याला काही आजार नाही, खातो पितो मस्त." खाण्यापिण्यावर जाऊ नका. उलट पाणी जास्त पिणे हीच पहिली खूण असते. भांड्यात पाणी मोजून घाला आणि चोवीस तासांत किती संपले ते पाहा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला दोन लिटरहून अधिक, तर ते नक्कीच प्रमाणाबाहेर आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ग्रंथींचे रोग, काहीही असू शकते. मादी असेल, तिची शस्त्रक्रिया झालेली नसेल आणि माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे उद्या-परवा करू नका, जीव जातो. उलट शस्त्रक्रिया झालेली मादी झोपेत अंथरूण ओले करत असेल तर ती मुतत नाही, तिचे गळते. तिला ते कळतही नाही. औषधाने हे बहुतेक वेळा आटोक्यात येते. त्वचेच्या खाजेवर किंवा दुसऱ्या कशावर स्टेरॉइड चालू असेल तर त्याने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. गोळी आपण द्यायची आणि चोप त्याला? (ती गोळी मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा.) गोचिडांच्या तापात लघवी कॉफीसारखी काळपट होऊ शकते. आणि आपल्या पावसात लेप्टोची भीती. उंदरांच्या मुतातून तो कुत्र्याला लागतो, मूत्रपिंड आणि यकृत धरतो, आणि कुत्र्याच्या मुतातून माणसालाही लागू शकतो. तेव्हा पुसताना हातमोजे घाला आणि लस वेळेवर टोचून घ्या.

म्हातारा कुत्रा असेल तर आणखी दोन गोष्टी. सांधे दुखत असल्याने त्याला जिने उतरणे नको होते. किंवा म्हातारपणी माणसाला होतो तसा त्याला विसर पडतो. कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, रात्री जागतो, बाहेर नेऊन आणले तरी घरात येऊन करतो. आपल्या आजोबांना असे झाले तर आपण त्यांना बाजारात सोडत नाही. निदान अजून तरी नाही.

दुसरा समज : "त्याला कळते. चेहरा बघा ना, गुन्हेगारासारखा करतो." या चेहऱ्यावर अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी नेमका अभ्यास केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. खाऊ न खाण्याची आज्ञा कुत्र्याला द्यायची, मालकाने खोलीबाहेर जायचे, आणि आत काय घडले ते मालकाला कधी खरे, कधी खोटे सांगायचे. दिसले असे की कान पाडणे, नजर चुकवणे, शेपूट आत घेणे हा ‘गुन्हेगार चेहरा’ कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हताच. मालक रागावला की तो चेहरा येत होता. आणि काहीच न केलेल्या, पण ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजतो ती नुसती भीती. पोलीस कोठडीतल्या कबुलीवर न्यायालय विश्वास ठेवत नाही. आपण मात्र ठेवतो.

तिसरा समज, आमच्या सहकाऱ्याचा : "सूड घेतो." सूड घ्यायचा तर मूत ही घाण आहे आणि तिने मालकाला त्रास होईल, हा विचार आधी कुत्र्याला सुचायला हवा. कुत्र्याच्या लेखी मूत घाण नाहीच. ती त्याची चिठ्ठी आहे. मी इथे आहे, मी अमुक आहे, एवढा मजकूर. घरात नवे माणूस आले, नवे फर्निचर आले, खिडकीतून दुसरा कुत्रा दिसू लागला, की काही कुत्रे, विशेषतः नर, उभ्या वस्तूंवर थोडे थोडे लिहून ठेवतात. खच्चीकरणाने बऱ्याच नरांत हे कमी होते, पण सगळ्यांत नाही, आणि सवय जुनी असेल तर नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही. काही कुत्रे एकटे पडले की कासावीस होतात आणि त्या घाबऱ्यात करतात. काहींना पाहुणे वाकून थोपटायला आले की दबून गळते, आणि त्यावर ओरडले की आणखी गळते. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे ध्वनिक्षेपक सुरू झाले की छातीत आपलेही धडधडते. त्यांचे कान तर आपल्याहून कितीतरी तिखट. आणि बायको माहेरी गेली की जास्त करतो म्हणता? वहिनी घरी असताना पहाटे साडेपाचला दार कोण उघडत होते, आणि त्या माहेरी गेल्यावर किती वाजता उघडत होते, हे एकदा स्वतःला विचारा. सुडाचे रहस्य बहुधा गजराच्या घड्याळात सापडेल.

चौथा समज : "फिनेल मारले, संपले." फिनेलचा वास तुम्हाला येतो म्हणून तुम्हाला वाटते मुताचा वास गेला. कुत्र्याला दोन्ही येतात. अमोनियाचे क्लीनर तर वापरूच नका. मुतातल्या युरियापासून अमोनियाच सुटतो, म्हणजे पुसता पुसता तुम्ही पाटी लावता : हेच ते ठिकाण. आधी कापडाने टिपून घ्या, मग एन्झाइम असलेला क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच ओला राहू द्या. नुसते फिरवून पुसले तर उपयोग नाही. तो हाताशी नसेल तर आपल्या घरातला माडाचा विनागर पाण्यात मिसळून साध्या टाइल्सवर चालतो. संगमरवरावर किंवा मोझाइकवर नको, आम्लाने दगड खराब होतो. ब्लीच तर मुतावरही ओतू नये आणि विनागरातही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

पाचवा समज सगळ्यांत वाईट : "मोठे कुत्रे शिकत नाही." शिकते. फक्त ते पहिल्यांदाच शिकते आहे हे आपण मानले पाहिजे. आमचा काळो आठ वर्षांचा होता, पण फ्लॅटमध्ये तो एका महिन्याचा होता. उघड्या दाराच्या घरात वाढलेल्या जिवाला बंद दाराचे नियम उपजत कसे ठाऊक असणार? औषध झाले, पण निम्मे काम उरलेच होते, आणि ते मला करायचे होते. पिल्लाला शिकवतात तसे अगदी पहिल्यापासून. उठल्याबरोबर, जेवणानंतर, संध्याकाळी आणि झोपण्याआधी बाहेर. रोज त्याच वेळी, त्याच जागी. तो करून होईपर्यंत मोबाईलवर न बोलता उभे राहायचे, आणि झाल्याबरोबर, घरी आल्यावर नाही, तिथेच शाबासकी आणि खाऊ. घरात असताना काही आठवडे तो डोळ्यांसमोर हवा. हुंगत गोल फिरू लागला की चला खाली. मध्येच सापडला तर फक्त नावाने हाक मारायची आणि बाहेर न्यायचे. नंतर दिसले तर तोंड मिटून पुसायचे. पाणी कधीही तोडायचे नाही. पाणी तोडून मूत थांबत नाही, मूत्रपिंड थांबते.

पावसाळ्याचे काय, असे आपल्याकडे कोणीही विचारील. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. काळो पावसात पाय बाहेर ठेवीना. मग इमारतीच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली, गोणपाटावर गवताची ढेकळे आणून ठेवली आणि मृगाच्या आधीच त्याला त्या जागेची सवय लावली. रोज बादलीभर पाणी ओतून जागा धुतली. सोसायटीच्या सभेत विषय निघाला, निघणारच. मी २०१५ च्या प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना पुढे ठेवल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. पण त्याबरोबर बादली आणि खराटाही दाखवला. शेजाऱ्यांचा राग कायद्याच्या कागदाने जात नाही. तो खराट्याने जातो.

खराट्याचा विषय निघालाच आहे तर एक बोचरी गोष्ट सांगतो. घरात कुत्रा हवा असतो तो बहुधा बाप्यांना नि पोरांना, आणि मूत पुसते ती घरची बाई. ती वैतागून "नको हे कुत्रे" म्हणते तेव्हा तिला निर्दय ठरवून आपण सज्जन होतो, आणि तिच्याच नावावर कुत्रा बाजारात सोडून येतो. "बायकोला त्रास होतो हो." बायकोला त्रास कुत्र्याचा होत नाही, फडके न धरणाऱ्या नवऱ्याचा होतो. आमच्या घरात मी फडके धरले त्या दिवसापासून पत्नीची काळोबद्दलची तक्रार निम्म्यावर आली. उरलेली निम्मी माझ्याबद्दल होती, ती अजून आहे.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न थोडे आहेत का? घरात म्हातारी आई आहे, ओल्यावर पाय घसरून पडली तर? प्रश्न खरा आहे, आमच्याही घरात होता. पण त्याचे उत्तर म्हणजे रात्री दिवा चालू ठेवणे, वाटेवरची जागा सुकी ठेवणे आणि कुत्र्याला वेळेवर खाली नेणे. आणि सगळे करूनही एखाद्याला खरोखर जमत नसेल, आजारपण असेल, परदेशी जायचे असेल, तर त्याने उघडपणे सांगावे, नातेवाइकांत, ओळखीत, प्राण्यांचे काम करणाऱ्या संस्थांत घर शोधावे, आणि कुत्र्याची सवय लपवू नये. त्यात लाज नाही. अंधारात दार उघडून गाडी पळवण्यात आहे. तो गुन्हाही आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, उपासमार होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा छळ मानलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कॅफेतल्या एका भाजी-पावाला याहून जास्त पडतात. इतके स्वस्त पाप दुसरे नसेल.

आपण धार्मिक लोक. घराघरांत दत्ताची तसबीर आहे, सांखळीच्या दत्तमंदिरात आपण जातो, गुरुवार पाळतो. त्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. त्यांना चार वेद म्हणून आपण सुरक्षित केले आहे, कारण वेद मुतत नाहीत. भैरवाचे वाहन कुत्रा, त्यालाही नमस्कार. आणि महाभारत तर आपण सांगतोच. धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा आहे, इंद्र म्हणतो कुत्र्याला सोड आणि रथात बस, आणि तो म्हणतो, सोडणार नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे, त्याचे नाव सहसा कोणी काढत नाही. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पोर येतो आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू हविर्द्रव्याला तोंड लावलेस का? तो म्हणतो, चाटले नाही, पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा यज्ञात येऊन राजाला जाब विचारते : याचा अपराध काय, का मारलेत? आणि कोणाकडेही उत्तर नसते. मग ती शाप देते की निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

सरमेने मागितली ती दुसरे काय होती? चौकशी. आरोप सांगा, पुरावा दाखवा. कलम ३११ आपल्या घटनेत यायच्या कितीतरी शतके आधी एका कुत्रीने राजाच्या यज्ञमंडपात तेच मागितले होते, आणि महाभारतकारांना ते ग्रंथाच्या आरंभीच ठेवावेसे वाटले. स्वर्गाच्या दारातली गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिथे कोणाला फरशी पुसावी लागत नाही. सरमेची गोष्ट आपण विसरतो, कारण तिथे जाब द्यावा लागतो.

काळो आता तेरा वर्षांचा आहे. डोळ्यांत पांढरे आले आहे. गेल्या महिन्यापासून पुन्हा चटई ओली होते, झोपेत. या वेळी मी आधी पाणी मोजले, जागा आणि वेळ वहीत लिहिली, आणि मग डॉक्टरकडे गेलो. वयाचे आहे, म्हणाले. पहाटे पाचचा गजर लावला आहे. पर्वरीला पोदेर सायकलवरून येतो तो साडेपाचला. त्याचा भोंपू वाजतो तेव्हा आम्ही दोघे खाली असतो. काळो कान टवकारून उभा राहतो. त्याला कोणाची आठवण येते ते मी विचारत नाही.

असो. हे आमचे सहकारी वाचतील की नाही, ठाऊक नाही. म्हणून उद्या सकाळी त्यांना फोन करणार आहे. उद्या शनिवार, खात्याला सुट्टी. टायगराला सोडून आठवडा झाला, तो बाजाराच्या आसपास असेल. त्यांनी फक्त यावे आणि हाक मारावी, कारण माझ्या हाकेला तो येणार नाही. गाडी मी आणतो. सापडला तर सरळ डॉक्टरकडे नेऊ, पहिल्या तपासणीचे पैसेही मी देतो. चौकशी होऊ द्या. दोषी ठरला तर पुढे बघू.